मिठाचं कोठार आणि इतर प्रेक्षणीय स्थळे

३ मे

वारा उत्तरेचा, मन खंबीर.

बाबांनी शेवटी हो म्हटलं. म्हणजे "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे हो.

एक उन्हाळा मिळाला आहे. सप्टेंबरच्या मध्यावर क्रुसाचा सण येतो, तोवर बोटीने स्वतःचं पोट भरून दाखवलं तर ती राहील. नाही भरलं तर सरकारी योजनेत जाईल. योजना सरळ आहे: मासेमारीचा परवाना परत करा, भरपाई घ्या आणि बोट मोडून दाखवा. विकायची नाही, अंगणात ठेवायची नाही, आत माती भरून फुलझाडंसुद्धा लावायची नाहीत. लोखंडी पंजाचं यंत्र येतं आणि धक्क्यावरच काम उरकतं. गेल्या वर्षी शेजारच्या गावात झालं. बाबा पाहायला गेले होते. परत आल्यावर जेवले नाहीत.

बाबांची कंबर गेली आहे आणि खाडीत मासे उरलेले नाहीत, या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण म्हणून लाकडी बोट मोडायची, हे मान्य नाही. बोटीचं नाव दियामांतो. माझंही तेच. दोघींना आजीचं नाव मिळालंय. या योगायोगावरून मनात जे येतं ते लिहीत नाही.

माझी योजना: आमच्या पालिओस्काला गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, ते नीट सांगणारं कोणी नाही. मी विद्यापीठात पुरातत्त्व शिकले. हायस्कूलच्या पलीकडे गेलेली घराण्यातली पहिली मीच. सकाळी लोकांना चालत किल्ल्यावर न्यायचं, दुपारी बोटीने समुद्रातली गुहा आणि बेटावरचं संत निकोलाओसचं इवलंसं चर्च. बाबा बोट चालवतील, मी बोलेन.

यशाची खात्री आहे. 

९ मे

बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून बोटीच्या केबिनमध्ये लावलं. संत निकोलाओसच्या तसबिरीला लागून. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "समुद्राचं हे संत बघतील, बाकीचं तू बघ."

मला भरून आलं. नंतर काळजी वाटली. प्रवाशांना वाटेल, हे बोट चालवण्याचं प्रमाणपत्र आहे. ही फसवणूक ठरते. म्हणून खाली स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली: "हे प्रमाणपत्र नौकानयनाशी संबंधित नाही."

आई म्हणाली, "आता तर नक्की घाबरतील." आईला जाहिरातीतलं फारसं कळत नाही.

१७ मे

प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली. नारिंगी लाइफ जॅकेटं आणली. वास येतो. उन्हात टाकली. उन्हातही येतो.

एक प्रश्न मनाला खातोय. आपल्या ग्रीसमध्ये गाइड म्हणवून घ्यायला वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे पदवी आहे, परवाना नाही. म्हणजे मी गाइड नाही. मी फक्त त्याच वेळी त्याच वाटेने जाणारी आणि बोलणारी व्यक्ती आहे. हे प्रत्येक सहलीच्या सुरुवातीला स्पष्ट सांगायचं ठरवलं. लोकांना प्रामाणिकपणा आवडतो.

२० मे, शनिवार

पहिली सहल! बेल्जियमचं एक जोडपं. चौकातल्या चिनाराखाली भेटलो.

आधी सूचना दिल्या. मी गाइड नाही. वाटेवर सुटे दगड आहेत. विषारी साप क्वचित दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत असं नाही. उन्हाने चक्कर येऊ शकते. आणि आपण ज्याला किल्ला म्हणतो तो किल्लाच आहे हे सिद्ध झालेलं नाही. नवऱ्याने विचारलं, मग नक्की काय आहे? मी म्हटलं, चढ.

तरी ते निघाले. भली माणसं.

वाट स्तामाता आत्याच्या फाटकासमोरून जाते. आत्या फाटकातच उभी. "माझ्या दारावरून परकी माणसं तशीच कोरडी जाणार? उद्या गाव काय म्हणेल, तुझ्या बापाच्या, सारांतोसच्या बहिणीच्या घरात साखर नव्हती?" मी म्हटलं, आत्या, आम्हाला उशीर होतोय. आत्या म्हणाली, "कुठे पळून चाललाय तुझा किल्ला?"

पाकातली अंजिरं आली. मग कॉफी. मग त्सिपुरो या कडक दारूचे छोटे ग्लास, मग चीज भरलेली पेस्ट्री, मग मेलबर्नमधल्या आतेभावाच्या लग्नाचा आल्बम. आल्बम जाड आहे. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा चढायला जाणं धोक्याचं होतं. हे मीच आधी सूचनांमध्ये सांगितलेलं असल्याने मागे घेता येईना.

जोडपं मात्र खूष. बाईंनी आत्याला मिठी मारली. पुरुषाने पाकीट काढलं, तर आत्याने माझ्या हातावर चापट मारली. "माझ्या अंगणात बसून खाल्लेल्या माणसांकडून पैसे घेतेस? हेच शिकवलं का त्या विद्यापीठात?"

निष्कर्ष: मागणी आहे. मार्ग बदलायला हवा.

२७ मे

नवा मार्ग, शेळ्यांच्या गोठ्यामागून. जरा काटेरी. तीन फिन्निश बायका. आत्याला गच्चीवरून दिसलो. ती ट्रे घेऊन खालच्या वाटेने झऱ्यापर्यंत आमच्या आधी पोचली होती. तिच्या वयाला हा वेग योग्य नाही, असं मी तिला सांगितलं. तिने मला सोडून सगळ्यांना कॉफी दिली.

झऱ्याच्या पुढे गेलो नाही. झराही प्रेक्षणीय आहेच.

११ जून

आज किल्ल्यावर पोचलो! आत्या लग्नाला बाहेरगावी गेली आहे.

चार जर्मन. वर जाताच त्यांनी विचारलं, राणीने उडी मारली ती जागा कोणती? गावात प्रत्येक जण हीच गोष्ट सांगतो. चाच्यांच्या हाती लागू नये म्हणून राणीने मुकुटासकट समुद्रात उडी घेतली. मी शांतपणे सांगितलं की अशा राणीचा कोणताही पुरावा नाही, मुकुटाचा तर नाहीच, आणि भिंतींची जाडी व आतली ओल पाहता हे बहुधा मिठाचं कोठार असावं. व्हेनिसवाल्यांनी बांधलेलं. तेही वादग्रस्त आहे.

एका बाईंनी कॅमेरा परत पिशवीत ठेवला. ऐकताना व्यत्यय नको म्हणून असणार.

नेमकी त्याच वेळी खाली आगिसची बोट आली. हा आगिसिलाओस माझ्याच वर्गात होता. आता काळी शिडं, कवटीचा झेंडा आणि भलामोठा लाउडस्पीकर लावून, पर्यटकांना घेऊन रोज चाचेगिरी करतो. "मंडळी, वर बघा! याच कड्यावरून राणीने मुकुटासकट!" बोटीतून "ओऽह!" असा आवाज आला. कडा सरळ असल्याने आवाज वर फार स्वच्छ येतो. माझ्या चारही जणांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. एकाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी धक्क्यावर आगिस भेटला. "काय मॅडम प्रोफेसर, आमच्या राणीला मिठाच्या पोत्यावर बसवलंत म्हणे?" मी म्हटलं, तुझ्याकडे पुरावा काय? तर म्हणाला, "माझी बोट रोज भरते, हा पुरावा. तू माझ्याकडे ये. गुलाबी झगा देतो, राणी हो. खाली जाळी लावतो, रोज दोन वेळा उडी मार."

मी नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न होता. शिवाय मला उंचीची भीती वाटते.

२ जुलै, रविवार

बोटीची पहिली सहल. हा खरा दिवस. चालणं ही नुसती पूर्वतयारी होती, हे आता लक्षात येतंय.

प्रवासी सात. सुरक्षेचं भाषण मी नीट बसवलं होतं. जॅकेट कसं घालायचं, पाण्यात पडल्यास काय करायचं, कोणी दुसरं पडल्यास काय करायचं, बाबा स्वतःच पडल्यास काय करायचं. भाषण संपेपर्यंत वारा वाढला. एक जोडपं उतरलं. त्यांनी केबिनमधली चिठ्ठीही वाचली होती.

बाकीच्यांना घेऊन निघालो. गुहेकडे जाताना वाटेत बाबांचं जाळं लागलं. "टाकलंय तर बघून घेऊ," म्हणाले. मी कुजबुजले, बाबा, हे वेळापत्रकात नाही. ते म्हणाले, "मासे तरी कुठे वेळापत्रक वाचतात." जाळं ओढायला प्रवासीच पुढे सरसावले. कोणी किंचाळलं, कोणी हसलं. एका म्हाताऱ्या डॅनिश गृहस्थांनी आयुष्यात पहिल्यांदा जिवंत ऑक्टोपस हातात धरला आणि सोडायला तयार होईनात. ऑक्टोपसही होईना.

मग बाबांनी बोट छोट्या खाडीत वळवली, चूल मांडली, माशांचा रस्सा केला. गुहा राहिली. तिच्या भूगर्भशास्त्रावर मी तयार केलेलं भाषणही राहिलं.

धक्क्याला लागल्यावर लोक पैसे द्यायला लागले, तर बाबांनी दोन्ही हात मागे घेतले. तापलेल्या तव्याला लागल्यासारखे. "माझ्या बोटीवर पाय ठेवला, माझ्या भांड्यातलं जेवले. आता कसले पैसे?" मी म्हटलं, बाबा, हा धंदा आहे. ते म्हणाले, "हो, हो. पुढच्या वेळी."

परतताना बाबा गुणगुणत होते. कित्येक दिवसांत गुणगुणले नव्हते. म्हणजे त्यांनाही योजनेची खात्री पटलेली दिसते.

९ जुलै

धडा शिकले. पैसे चढण्यापूर्वीच घेतले, बाबांच्या पाठीमागे. काही अडचण आली नाही.

उतरताना बाबांनी प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळून एकेक मोठा मासा दिला. मासा तिकिटापेक्षा महाग होता. मी रागावले, तर आई म्हणाली, "अगं, त्यांना कसं कळणार तू आधीच घेतलेत?"

पुढच्या वेळी बाबांना सांगून घ्यायचे. किंवा मासेच नसलेल्या बाजूला जायचं.

२२ जुलै

मेल्तेमी, म्हणजे उन्हाळ्यातला उत्तरेचा सोसाट्याचा वारा, सुटलाय. धक्क्यावरच्या खुर्च्या आपोआप चालताहेत. आठवडाभर सगळ्या बोटी बांधून. आगिससुद्धा बसून आहे, कवटीचा झेंडा फाटला. हे न्याय्य वाटलं, मग असं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

बाबा कॉफीच्या दुकानात पत्ते खेळतात. मी घरी बसून रद्द झालेल्या सहलींबद्दल माफीचे मेसेज पाठवते. एका स्वीडिश बाईंना माफीचे तीन मेसेज गेले, कारण पहिल्यात सूर जरा रुक्ष वाटला आणि दुसऱ्यात जास्त झाला. त्यांनी उत्तर पाठवलं की त्यांनी बुकिंग केलंच नव्हतं.

 आई पास्ता करते. खाल्ला की काळजी राहते, वर पास्ताही राहतो.

५ ऑगस्ट

वारा पडला. आणि बातमी! आगिसचं इंजिन बिघडलंय, भाग अथेन्सहून यायचाय. तो स्वतः आला, टोपी हातात. पंधरा तारखेचा त्याचा पूर्ण ग्रुप मी घ्यावा म्हणतो. "परत पाठवले तर माझं नाव जाईल. तुझ्याकडे निदान बोट आहे. फक्त एक कर, प्रोफेसर, त्यांना पाण्यात पडायच्या आठ पद्धती सांगू नकोस."

पंधरा ऑगस्ट म्हणजे माता मरियमचा सण. गाव ओसंडून वाहतं. मी तो दिवस आधीच मुख्य दिवस म्हणून मनात धरला होता. बोट पूर्ण भरणार. त्या एका दिवसाच्या जोरावर पुढचे दिवस उभे राहतील. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पंधराला? नक्की पंधराला?" मी म्हटलं, नक्की. ते आईकडे पाहून हसले. त्यांना आनंद झाला.

१५ ऑगस्ट, मंगळवार

लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.

बोट काठोकाठ भरली. नियमात बसतील तेवढे, एकही जास्त नाही, मी स्वतः पाहिलं. बाबांनी डोलकाठीला बेसिलची जुडी बांधली होती. मी तिकिटांची पिशवी गळ्यात अडकवून चढायच्या फळीपाशी उभी राहिले. तर बाबांनी येऊन पिशवी माझ्या गळ्यातून काढली आणि केबिनमध्ये टांगली.

"आज नाही," म्हणाले.

मी म्हटलं, आजच. बाबा, आजच तर!

"अगं, आज तुझ्या आईचा दिवस. पानायोता नाव आहे तिचं, माता मरियमचंच. तिच्या नावाच्या दिवशी मी फळीवर उभा राहून लोकांकडे हात पसरू? आज जो येईल त्याला आपण द्यायचं. लहानपणापासून बघतेस ना?"

बघते. लहानपणापासून बघते. दर वर्षी या दिवशी आमचं दार उघडं असतं, जो येईल त्याला केक, दारू, पाकातली फळं. मी सकाळी उठून आईला शुभेच्छा दिल्या, तिचं चुंबन घेतलं, आणि तिकिटांची पिशवी घेऊन बाहेर पडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, नामदिन घरात आणि सहल बोटीवर.

आई स्वतः बोटीवर आली. आत्याही आली, ट्रेसकट. आत्या माझ्याशी मे महिन्यापासून बोलत नव्हती. आज बोलली: "हो बाजूला." बदामाचे केक वाटले. बाबा बेटाच्या चर्चपाशी थांबले, सगळे उतरले, नाचले. कोणीतरी आईला विचारलं, हे कंपनीचं पॅकेज आहे का? आई म्हणाली, "नाही बाळा, माझा वाढदिवस आहे असं समज." मी दुरुस्त करायला गेले की वाढदिवस आणि नामदिन यांत फरक आहे. पण संगीत जोरात होतं.

किल्ल्याखालून जाताना कोणी राणीबद्दल विचारलं नाही. मिठाबद्दलही नाही.

सकारात्मक बाजू: क्षमता सिद्ध झाली. बोट पूर्ण भरू शकते.

१६ ऑगस्ट

सकाळी धक्क्यावर रांग!  एकही जण ओळखीचा नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं की इथून फुकट बोट सुटते, जेवणासकट.

मी खुलासा केला. फुकट नाही, काल एक अपवाद होता, त्यामागे सांस्कृतिक कारण आहे. कारण सविस्तर सांगितलं. रांग मागून विरत गेली. उरलेल्या एका कुटुंबाने विचारलं, काल फुकट आणि आज पैसे, हे कसं?  तत्त्वतः त्यांचं बरोबर आहे.

बाबांनी त्या कुटुंबाला बोटीत घेतलं. मला म्हणाले, "एवढ्या लांबून आलेत पोरी." ते शेजारच्या गल्लीतल्या खोल्यांतून आले होते.

१९ ऑगस्ट

इंटरनेटवर आमचं पहिलं परीक्षण आलं. "कप्तान देवमाणूस. रस्सा अप्रतिम. सोबत एक मुलगी असते, ती मरण्याच्या वेगवेगळ्या शक्यता सांगते."

तीन तारे. तीन हे अर्ध्याहून जास्त आहेत. सुरक्षेचं भाषण लक्षात राहतंय, हे यावरून दिसतं.

३० ऑगस्ट

निर्णय घेतला. मी राणीची गोष्ट सांगणार.

दोन दिवस विचार केला. बोट एका पारड्यात, ऐतिहासिक सत्य दुसऱ्या. आरशासमोर सराव केला. "इथून राणीने उडी मारली" हे वाक्य जमत नाही. "मारली असं म्हणतात" जमतं. "मारली असं काही लोक निराधारपणे म्हणतात" सर्वात चांगलं जमतं.

२ सप्टेंबर

सांगितली. प्रथमच कोणी मध्येच निघून गेलं नाही. एका ऑस्ट्रियन निवृत्त मास्तरांचे डोळे पाणावले. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, राणीचं नाव काय?

मला नाव सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण मग वाटलं, आता हे कागदोपत्री होणार, हे गृहस्थ कुठेतरी लिहितील, आणि ते नाव कायमचं राहील. मी सगळं कबूल केलं. राणी नाही, मुकुट नाही, मीठ. आणि पैसे परत केले. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही मला माझ्या आनंदातच राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी पैसे घेतले.

१४ सप्टेंबर, गुरुवार

क्रुसाचा सण. चर्चमधून बेसिलच्या काड्या आणल्या. एक बोटीवर ठेवली.

आज मुदत संपते. अर्थात सण सूर्यास्तापर्यंत असतो. दुपारपर्यंत धक्क्यावर उभी राहिले. एक माणूस आला. त्याला शौचालय हवं होतं. मी सोबत जाऊन दाखवलं. जाताना मासळीबाजाराच्या कमानीबद्दल दोन शब्द सांगितले. तो जरा घाईत होता.

 बाबा गच्चीवर बसून जाळं दुरुस्त करत होते. जो माणूस जाळं दुरुस्त करतो, त्याच्या मनात बोट मोडायची नसते. हे तर्कशुद्ध आहे.

१९ सप्टेंबर

बाबा आज बंदराच्या कचेरीत जाऊन आले. दिवस ठरला आहे. पुढच्या आठवड्यातला.

मी म्हटलं, बाबा, सीझन अजून पूर्ण संपलेला नाही, ऑक्टोबरमध्ये चालायला येणारे गट असतात, मी तीन ठिकाणी मेसेज टाकलेत, हिवाळ्यात शाळांच्या सहली धरता येतील, बोटीत प्रदर्शन मांडता येईल. ते ऐकत होते. खरंच ऐकत होते, मान हलवत. मग म्हणाले, "जाळं आगिसला दिलं. दुरुस्त करूनच दिलं, फाटकं कसं द्यायचं?"

स्वयंपाकघरात आईला म्हटलं, तू तरी समजाव. आई भेंडी निवडत होती. म्हणाली, "अगं मांतो, त्यांनी मे महिन्यातच ठरवलं होतं. योजनेच्या कागदावर सही तेव्हाच झाली."

मी म्हटलं, मग हा सगळा उन्हाळा?

"तू इतकी उत्साहात होतीस. आणि त्यांनाही वाटलं, जायच्या आधी चार माणसं बसू देत तिच्यात. खाऊ-पिऊ देत. एवढी वर्षं नुसते मासेच वाहिले बिचारीने."

आईचा काहीतरी गैरसमज झालाय. मे महिन्यात बाबा स्पष्ट "बघू" म्हणाले होते. मी लिहून ठेवलंय.

२८ सप्टेंबर, गुरुवार

वारा नाही.

यंत्र ट्रकवरून आलं. बोट आदल्या दिवशीच काठावर ओढून घेतली होती. बाबांनी केबिनमधून तसबीर आणि माझी फ्रेम काढून आणली, आईच्या हातात दिली. चिठ्ठी आत राहिली.

पालिओस्कालात पायी फिरणाऱ्यांची एक बस थांबली होती. आवाज ऐकून ते सगळे आले. मग कॉफीच्या दुकानातून लोक आले, खोल्यांतून आले. पंजा वर गेला तेव्हा धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. एवढी माणसं मी उन्हाळाभरात एका जागी पाहिली नव्हती. आगिस बाबांच्या शेजारी उभा होता. त्याने टोपी काढली होती. 

पहिला घाव बोटीच्या पाठीवर. लाकूड लगेच मोडत नाही, आधी वाकतं.

शेजारच्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? मी सांगायला लागले. कोणी बांधली, कोणत्या बेटावरचा पाइन, वाकडी फांदी शोधून तिची बरगडी कशी करतात, फळ्यांच्या फटीत कापूस कसा ठोकतात. आजी पहिल्या दिवशी चढली तेव्हा तिने चपला काढून हातात घेतल्या होत्या. लोक जवळ सरकले. मागचे पुढच्यांना गप्प करत होते. कोणी निघून गेलं नाही. मी गाइड नाही, हे सांगायचं राहून गेलं. सूचना राहिल्या. मला माहीत होतं तेवढंच बोलले आणि सगळं खरं होतं.

बाबा मध्येच कुठे गेले म्हणून पाहिलं, तर ते आणि आत्या ट्रे घेऊन फिरत होते. लुकुमीच्या गोड वड्या आणि थंड पाणी. माणसं आली होती ना.

फार वेळ लागला नाही. यंत्र थांबल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. बहुतेक माझ्या बोलण्याला.

एक डच बाई गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, फार सुंदर सांगितलंत, माझी बहीण आज झोपून राहिली, ती मोठ्या गोष्टीला मुकली. हे दर गुरुवारी असतं का?

मी म्हटलं, नाही.

"मग उद्या काय आहे?"

उद्या काही नाही, असं सांगितलं. एवढं मला खात्रीने सांगता आलं.